लांडग्यानं मालकाला उन्हात ओढलं

मोबाइल घरीच राहू द्या. अंगात लोकरीचा कोट चढवा, खिशात अर्ध्या डॉलरचं नाणं टाका आणि रांगेत उभे राहा. १९४४ चा जानेवारी, लॉस एंजेलिस, डाउनटाउन. रात्रीचा एक वाजून गेलाय. एवढ्या रात्री सिनेमाला कोण येतंय, असं वाटत असेल तर मागे वळून बघा. रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या गल्लीत गेलीय.

विमानाच्या कारखान्यांतली दुसरी पाळी सुटलीय. तुमच्या पुढे दोन बायका आहेत, विजारी घातलेल्या, डोक्याला घट्ट रुमाल, छातीवर फोटो लावलेला कारखान्याचा बिल्ला. त्यांच्या अंगाला मशीनच्या तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास येतोय. एकीच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक काळे डाग आहेत. मागे तीन खलाशी, त्यांच्यात मिळून एकच सिगारेट. रस्त्यावरून पिवळी ट्राम करकरत जाते, तिच्या पायरीपर्यंत माणसं लटकलेली. पेट्रोल मोजून मिळतं, टायर तर जवळजवळ मिळतच नाहीत, त्यामुळे काचेवर रेशनचं 'ए' अक्षर चिकटवलेल्या गाड्या घरीच उभ्या असतात आणि माणसं ट्रामला लोंबकळतात.

खिडकीतली मुलगी तिकीट फाडते आणि मोड सरकवते. जरा थांबा, मोजून घ्या. त्यातलं एक नाणं पांढरंशुभ्र चकाकतंय. दहा सेंटचं वाटतं, पण आहे एक सेंट. तांबं गोळ्यांसाठी हवं म्हणून गेल्या वर्षी हे नाणं पोलादाचं पाडलं, वर जस्ताचा मुलामा देऊन. अंधारात भलेभले फसतात. बोटांनी कड चाचपा, दहा सेंटच्या नाण्यासारखी खाचांची नाही, गुळगुळीत लागेल.

आता आत शिरा.

उबेची एक लाटच अंगावर येते. ओल्या लोकरीचा, पॉपकॉर्नचा, सिगारेटचा, स्वस्त अत्तराचा आणि दिवसभराच्या घामाचा मिळून एक वास. गोळ्या-चॉकलेटचं कपाट निम्मं रिकामं आहे, कारण साखरेवर रेशन आहे. पॉपकॉर्नला मात्र बरकत आलीय, मक्याचा काही तुटवडा नाही. एक पिशवी घ्या आणि जिना चढून बाल्कनीत जा, तिथे सिगारेट चालते. प्रोजेक्टरचा झोत त्या धुरातून निळसर होऊन पडद्याकडे जाताना दिसेल. गुडघे चुकवत, पायांवर पाय देत, माफी मागत एक खुर्ची पकडा. शेजारचा माणूस गाढ झोपलाय. त्याला उठवू नका. रात्रभर चालणाऱ्या या थिएटरांत कित्येक कामगार झोपेसाठीच तिकीट काढतात. थोड्या वेळानं त्याचं डोकं तुमच्या खांद्यावर येईल, येऊ द्या.

आधी न्यूजरील लागतं. एवढा वेळ चाललेली कुजबुज, पिशव्यांची कुरकुर, खलाशांच्या शिट्ट्या, सगळं एकदम थांबतं. पडद्यावर कुठल्याशा चिखलातून सैनिक चाललेत आणि सभागृहातल्या बायका पुढे वाकून एकेक चेहरा शोधताहेत. तुमच्या पुढच्या ओळीतली बाई उठून उभीच राहते. मागून कुणीही ओरडत नाही. पटकन सरकून जातो तो चेहरा, आणि ती हळूच खाली बसते.

मग धुकं सुरू होतं. पडद्याच्या कडांपर्यंत धुकंच धुकं, आणि त्यात एक कब्रस्तान. 'द रिटर्न ऑफ द व्हॅम्पायर', कोलंबिया कंपनीचा, जेमतेम ७० मिनिटांचा. लंडनचं ते धुकं इथून काही मैलांवर हॉलिवूडच्या स्टुडिओत सोडलंय, हे या शहरात सगळ्यांनाच ठाऊक आहे, तरीही बाल्कनीतली माणसं कोटाच्या कॉलरी वर करतात. व्हॅम्पायर आहे साठी उलटलेला बेला लुगोसी. ड्रॅक्युला हे नाव युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचं, म्हणून इथे त्याचं नाव आर्मांड टेस्ला. नाव बदललं तरी झगा तोच आणि बोलण्यातला हंगेरियन हेलही तोच. तो दिसताच वरून खाली टाळ्या पडतात. पण तुम्ही त्याच्याकडे जास्त बघू नका. त्याच्यामागे हात जोडल्यासारखा उभा आहे ना, त्याच्याकडे बघा.

तो आंद्रेआस. मॅट विलिस नावाच्या नटानं केलाय. आंद्रेआस माणूस आहे, पण मालकाच्या हुकमाखाली लांडगा होतो. आणि काय लांडगा! कोट-पँट घालतो, बोलतो, काखेत पुडकं मारून मालकाची कामं करत हिंडतो. खलाशी खो खो हसतात. रांगेतली ती ठिणग्यांचे डाग असलेली वेल्डरीण तुमच्या दुसऱ्या बाजूला बसलीय, ती मात्र हसत नाही. दुसऱ्याच्या हुकमावर आठ-आठ तास उभं राहणं म्हणजे काय, ते तिला पुरतं माहीत आहे.

पहिल्याच भागात टेस्लाच्या छातीत लोखंडी मेख ठोकतात आणि आंद्रेआस मोकळा होतो. लेडी जेन नावाची शास्त्रज्ञ त्याला प्रयोगशाळेत हाताखाली घेते. त्याचा चेहरा स्वच्छ होतो, पाठ सरळ होते. बरीच वर्षं जातात. मग लंडनवर बॉम्ब पडतात, एक नेमका कब्रस्तानात, आणि साफसफाईला आलेले दोन कामगार ती मेख बघून म्हणतात, बॉम्बचा तुकडा दिसतोय, काढा बिचाऱ्याचा. थिएटरमधली दीडेक हजार माणसं एका घशानं ओरडतात, "नको!" पॉपकॉर्न उडतो. तुम्हीही ओरडलात, कबूल करा. मेख निघते आणि मढं कण्हतं. तुमच्या खांद्यावर झोपलेला माणूस दचकून जागा होतो, काय झालं विचारतो आणि उत्तर मिळायच्या आत पुन्हा झोपतो.

माझ्या दृष्टीनं या सिनेमाचा जीव पुढच्या प्रसंगात आहे. आंद्रेआस बाहेर पडलाय. धुक्यातून जुन्या मालकाचा आवाज येतो. तो नाही म्हणतो. बरीच वर्षं तो माणूस होता, माणसांत होता, तो मनापासून नाही म्हणतो. मालक फक्त बघत राहतो. हातांवर केस उगवतात, दात बाहेर येतात, पाठ पुन्हा वाकते. बाल्कनीत आता कुणी हसत नाही. कॅमेऱ्याची हातचलाखी आहे हे लहान पोरालाही कळतं. पण सुटलेला माणूस पुन्हा जुवाखाली जाताना बघवत नाही, आणि तुमच्या शेजारणीनं खुर्चीचा दांडा इतका घट्ट धरलाय की तिच्या बोटांची पेरं पांढरी पडलीत.

व्हॅम्पायर आणि लांडगा यांच्या झुंजीत लोकांना नुसत्या रक्तानं मजा येते असं पुष्कळांना वाटतं. मला ते पटत नाही. या झुंजीत पहिल्यापासून एक मालक आहे आणि एक गुलाम. साठ वर्षांनी 'अंडरवर्ल्ड' येईल, बंदुका, चामडी पोशाख, भुयारी रेल्वेत गोळीबार, सगळा थाट नवा. पण त्यातही लांडगे हे व्हॅम्पायरांचे जुने गुलामच निघतील आणि सगळं युद्ध त्या जुन्या अन्यायातून पेटलेलं असेल. तो सिनेमा चित्रित होईल बुडापेस्टमध्ये, जिथे हा समोरचा लुगोसी तरुणपणी राष्ट्रीय रंगभूमीवर काम करत होता. असो, तुम्ही १९४४ मध्ये आहात, पडद्याकडे लक्ष द्या.

शेवट आलाय. पडक्या चर्चचं तळघर. आंद्रेआसला गोळ्या लागल्यात. रक्तबंबाळ होऊन तो मालकाच्या पायाशी येतो, मला वाचवा म्हणतो. आणि टेस्ला सांगतो, आता तुझा उपयोग नाही, जा त्या कोपऱ्यात आणि मर.

या वाक्याला थिएटरमधून जो आवाज येतो तो ऐकायलाच मी तुम्हाला इथे आणलंय. किंकाळी नाही, शिवीही नाही. छातीच्या खालून येणारी गुरगुर. तळमजल्यावरून बाल्कनीपर्यंत चढत येते आणि तुमच्या खुर्चीचं लाकूड थरथरतं. कारखान्यात बोट गमावून घरी बसलेला भाऊ कुणाला आठवला असेल, कुणाला मुकादम, कुणाला स्वतःचा बाप.

आंद्रेआस कोपऱ्यात सरपटतो. मातीत चाचपडताना त्याच्या हाताला क्रूस लागतो. तो वळतो. त्याच वेळी वरून बॉम्ब कोसळतो, धूळ, दगड, अंधार. धूळ बसते तेव्हा उजाडलेलं असतं आणि आंद्रेआस शुद्धीवर आलेला असतो. लुगोसीला धरून तो फरफटत उन्हात नेतो. पाय घासत, अडखळत, एकेक दगड ओलांडत. लोक उभे राहिलेत. "ओढ! अजून ओढ!" पाय आपटण्यानं बाल्कनी हलतेय. उन्हात टेस्लाचा चेहरा वितळून कवटीवरून ओघळतो. ते मेण आहे, हे दिसतं, आणि कुणालाही त्याचं काही वाटत नाही. तुमच्या शेजारणीच्या गालांवरून पाणी वाहतंय आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतेय.

आंद्रेआस माणूस म्हणून मरतो. त्यानंतर एक पोलिस अधिकारी वळून थेट तुमच्याकडे बघत विचारतो, काय लोकहो, व्हॅम्पायर असतात असं तुम्हाला वाटतं का? बाल्कनी जीव तोडून ओरडते, "हो!"

घाईनं उठू नका, इथे खेळ संपत नाही. एका तिकिटात हवं तितका वेळ बसा. पुन्हा न्यूजरील लागेल, कार्टून लागेल, मधला दुसरा सिनेमा झोपेत जाईल. पहाटे मेख निघायच्या सुमाराला एक मुलगी गुडघे चुकवत ओळीत शिरते, रुमाल सोडते, तुमच्या पिशवीतला पॉपकॉर्न न विचारता उचलते आणि विचारते, "आत्तापर्यंत काय झालं?"

सांगा तिला. लुगोसीचं नंतर सांगितलंत तरी चालेल, तो तिला माहीतच आहे. आधी आंद्रेआसचं सांगा.