पावसाळ्यातली ईद

मुंबईला नोकरी करणारा माणूस ईदला मालवणला घरी पोचणार की नाही, हे एके काळी दोन गोष्टींवर ठरत असे. एक चंद्र, दुसरा समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण-वेंगुर्ल्याला यायची. मात्र पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. मग उरायचा तो रेल्वेने कोल्हापूर आणि तिथून घाट उतरून खाली येण्याचा रस्ता. चार दिवसांच्या रजेत तो कितीजणांना जमणार?

हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. हे गणित आपण लहानपणी शिकतो. पण ते आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाला लावून पाहा. 1946 ते 1953 या काळातली प्रत्येक रमजान ईद जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे बोटी बंद असतानाच आली. सलग आठ वर्षे. आणि नेमक्या याच आठ वर्षांत देशाचे दोन देश झाले.

1947ची ईद 18 ऑगस्टला, सोमवारी होती. स्वातंत्र्याला तीन दिवस झाले होते. त्याच्या महिनाभर आधी, 17 जुलैला, मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. मुंबई बंदराच्या आसपासची ही वाहतूक भर पावसाळ्यातही चालू असायची. गटारीच्या अवसेला घरी निघालेली माणसे होती. सहाशेहून अधिक गेली. दोन-तीन दिवसांनी रमजान सुरू झाला. त्या वर्षी कोकणाने सण पाहिला तो असा.

मृत्यूनंतरच्या ईदबाबत आपल्याकडे नियम आहेत. शोक तीन दिवसांचा. विधवेसाठी इद्दत साधारण चार महिने दहा दिवसांची, त्यामुळे त्या काळात ईद आली तरी तिने साजशृंगार करायचा नाही. बाकीच्यांनी मात्र आंघोळ करावी, फितरा द्यावा, नमाजला जावे. नमाजनंतर कब्रस्तानात जाऊन फातेहा पढायची आणि घरी येऊन शीरखुर्म्याची वाटी पुढे करायची. दुःख असते, पण काय करायचे ते ठाऊक असते.

दुसऱ्या प्रकारच्या ताटातुटीला असा काही नियम नव्हता. सिंध 1936पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराची हे मुंबईसारखेच नोकरीचे बंदर, आणि कोकणी मुसलमान तिथे कामाला होते. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. मुंबईहून कराचीला जाणे म्हणजे एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणे, एवढेच. जुलै 1948मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झाले. ऑक्टोबर 1952मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. घरचा माणूस कागदोपत्री परदेशी झाला.

हे किनाऱ्यावरच्या घराला कधी कळले असेल? मला वाटते, एकदम कळले नसेल. रमजान ईदला कोणी आले नाही, तर सांगायला कारण तयार होते: बोटी बंद आहेत. 1947ची बकरीद ऑक्टोबरच्या अखेरीस आली, तेव्हा समुद्र खुला होता. ज्यांना यायचे होते आणि येता येत होते, ते त्या वेळी आले असतील. मग बकरीदही दरवर्षी मागे सरकत पावसाकडे आली. 1955 साली रमजान ईद मे महिन्यात आली, म्हणजे आंबे, सुट्टी आणि चालू बोटी असे सगळे एकत्र. मुंबईचे चाकरमानी येऊ शकत होते. कराचीचे येऊ शकत नव्हते, आणि आता पावसाला बोल लावायचीही सोय नव्हती.

फाळणीचा इतिहास आपण पंजाबच्या गाड्यांवरून वाचतो. तो वाचायलाच हवा. पण कोकणातली फाळणी वेगळी झाली. इथे कत्तली झाल्या नाहीत, काफिले निघाले नाहीत. एक माणूस नोकरीला गेला आणि नोकरीच्याच गावी राहिला. त्याचा मृत्यू झाला नव्हता, म्हणून फातेहा नाही. तो आला नव्हता, म्हणून गळाभेट नाही. अशा घरांनीही ईद केली, नमाज पढली, शेजारच्या हिंदू घरी शेवया पाठवल्या.

आज कोकण रेल्वेने मुंबईहून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी कुडाळला उतरतो. पाऊस असो वा नसो. म्हणूनच जुनी अडचण आपण विसरलो.

येत्या ईदला घरातल्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारा: आपल्यातले जे परत आले नाहीत, ते शेवटचे कुठल्या ईदला घरी होते? त्या दिवशी पाऊस होता का, हेही विचारा. पावसाची आठवण निघाली, तर सन काढता येईल. आणि सन मिळाले की ते नावासह लिहून ठेवा. ही माणसे कुठल्याच कब्रस्तानाच्या वहीत आपल्याला सापडणार नाहीत.