धक्क्याविना तोफ

तिरुवलंचुळीहून निघालेला रस्ता पुढे तंजावरास पोहोचतो. त्या नगरीच्या पूर्वेकडील तटावर नायक राजवटीतील एक प्रचंड लोखंडी तोफ आहे. लांबी सुमारे साडेसात मीटर, वजन सुमारे २२ टन. तंजावरास मराठ्यांचे राज्य आले आणि गेले. तोफ जागची हलली नाही. गोळा पुढे सुटताना तोफेस मागे रेटतो, आणि तो रेटा पचविण्याचा जुना उपाय म्हणजे असे अवजड अंग.

जानेवारी १९१५ पासून जर्मनीची झेपेलिन हवाई जहाजे इंग्लंडवर बाँब टाकू लागली. त्यांना पाडण्यासाठी विमानावर तोफ चढवावी, हा विचार साहजिक होता. पण त्या काळचे विमान म्हणजे लाकूड, कापड आणि तारा! एका बारातच त्याचा सांगाडा खिळखिळा व्हायचा.

यावरची युक्ती अमेरिकी आरमारातील अधिकारी क्लेलंड डेव्हिस याने महायुद्धापूर्वीच योजिली होती. त्याच्या तोफेची नळी दोन्ही टोकांस उघडी असे. मध्ये दारू, पुढे गोळा आणि मागे गोळ्याच्याच वजनाचे शिशाचे छरे व ग्रीस. बार होताच दोन्ही विरुद्ध दिशांना सुटत आणि तोफ जागीच राही. तराजूच्या पारड्यांइतका हा हिशेब सरळ आहे. मात्र त्याची किंमत मोठी होती. प्रत्येक गोळ्यामागे तेवढेच निरुपयोगी ओझे वाहायचे, प्रत्येक बारानंतर तोफ पुन्हा हाताने भरायची, आणि मागे सुटणारे छरे आपल्याच पंखांत वा शेपटीत घुसणार नाहीत असे विमान बांधायचे.

तसे एक विमान, ‘नाइटहॉक’, फेब्रुवारी १९१७ मध्ये उडाले. एकावर एक असे पंखांचे चार थर, नाकावर शोधदीप आणि माथ्यावर डेव्हिसची तोफ. दहा हजार फूट चढावयास त्यास तास लागे. तेवढ्या वेळात शत्रू परतीच्या वाटेस लागावा!

उत्तर तोपर्यंत सापडलेही होते. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे लेफ्टनंट लीफ रॉबिन्सन याने साध्या लुइस मशीनगनमधून स्फोटक व आग लावणाऱ्या गोळ्या झाडून एक जर्मन हवाई जहाज लंडनच्या उत्तरेस कफली येथे पाडले. मोठ्या गोळ्याची गरजच नव्हती. जहाजाच्या पोटातील हायड्रोजनला ठिणगी पुरेशी होती.

डेव्हिसचे तत्त्व मात्र जमिनीवर रुजले. पुढच्या तोफांनी छऱ्यांऐवजी दारूचा वायूच मागे सोडला, आणि तोफ जीपवर बसली. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या रणात अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले, ते अशाच तोफेने.