धनी बदलतो, यंत्र तेच

युनियनचा माणूस जंतूंवर काय बोलणार, असे आंबिवलीकरांना वाटले असेल. पण काळू-उल्हासच्या पाण्यातही हा विषय वाहतो आहे, म्हणून धीर केला.

१८९६ साली आग्र्याच्या हँकिनने लिहिले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. पाणी उघड्यावर उकळले की तो गुण जातो. त्याने पाहिले ते जंतूंवर जगणारे विषाणूच होते का, यावर जाणकारांत वाद आहे. पुढे १९१५ साली लंडनच्या ट्वॉर्टला त्यांची चाहूल लागली आणि १९१७ साली पॅरिसमध्ये देरेलने बारसे केले : बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणुभक्षक.

नावाने थोडा घोटाळाच केला. हा नुसता भक्षक नव्हे. तो आधी यजमानाला कामाला जुंपतो. ‘टी-४’ नावाचा विषाणू आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूत आपला डीएनए सोडतो. त्यावरून आरएनए उतरवायला स्वतःचे यंत्र त्याच्यापाशी नाही. जीवाणूचे आरएनए पॉलिमरेझ हेच त्याचे यंत्र. १९६८ साली जर्मनीत वाल्टर, सायफर्ट आणि त्सिलिग यांना दिसले की, लागण झाल्यावर हे यंत्र बदललेले असते. बदल कसला, ते १९७४ साली गॉफने उलगडले : यंत्रातील एका प्रथिनाला एडीपी-रायबोजचा तुकडा चिकटवलेला असतो. चिकटवणारी विकरे विषाणूची. पहिले, ‘आल्ट’, डीएनएबरोबर तयारच आत शिरते. दुसरे, ‘मॉड-ए’, आत गेल्यावर घडवले जाते. आणि तुकडा? तो जीवाणूच्याच कोठारातल्या एनएडीमधून काढलेला!

मोहन्याला रेयॉनचा कारखाना चालू होता, त्या काळच्या कामगारांना यात नवल वाटणार नाही. लाकडाच्या लगद्याला कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड लागले की न विरघळणारा लगदा पाकासारखा होतो. द्रव्य तेच, चिकटलेल्या एवढ्याशा गटाने वागणे पालटते.

२०२३ साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या संशोधकांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. टी-४चे ‘मॉड-बी’ हे विकर जीवाणूच्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेतील प्रथिनांना आरएनएची अख्खी साखळीच जोडते. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर हे विषाणू सोडायचे, तर ते आत काय करतात हे कळलेच पाहिजे.

गिरणी आणि धनी यांची उपमा मी मुद्दाम ताणत नाही. जीवाणूला सभा भरवता येत नाही. पण तो निमूटही बसत नाही. २०२२ साली असे दिसले की, काही जीवाणू हाच एडीपी-रायबोजचा तुकडा विषाणूच्या डीएनएला चिकटवतात आणि त्याच्या नकलाच थांबवतात.