बॅटरी टर्मिनल : सैल आणि गंजलेले सांधे

मोटारगाडीच्या बॅटरीवरच्या शिशाच्या खुंट्या आणि त्यांवर आवळलेले केबलचे क्लॅम्प यांमधला सांधा ढिला होणे किंवा त्यावर क्षार चढणे हा विद्युत् बिघाडाचा एक नेहमीचा प्रकार आहे. गॅरेजमध्ये खुंटी आणि क्लॅम्प दोन्हींना टर्मिनलच म्हणतात. गाडी चालू न होण्याच्या कारणांमध्ये इतक्या स्वस्तात सुटणारे दुसरे कारण क्वचितच सापडेल, पण निदान बरेचदा भलतेच होते. ‘सेल्फ घेत नाही’ म्हणून बॅटरी बदलली जाते, ती बसवताना क्लॅम्प घासून नीट आवळले जातात, गाडी चालू होते आणि श्रेय नव्या बॅटरीला मिळते.

शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. मात्र मोटारीत तिच्या सांध्यावर मोठा भार पडू लागला तो चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसल्यापासून. त्याआधी इंजिन हँडल मारून फिरवावे लागे.

छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर इंजिन फिरवताना १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो, डिझेल गाडीचा त्याहून जास्त. सांध्यात फक्त ०.०१ ओहम रोध असला, तर १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि २२५ वॅट उष्णता निर्माण होते. भाराखाली बॅटरीचा दाब आधीच उतरलेला असतो. त्यातून दीड व्होल्ट गेला की स्टार्टर अडतो. हेडलाइटना मात्र दहाएक अँपिअर पुरतात. त्याच सांध्यात त्यांचा दाब जेमतेम ०.१ व्होल्टने घटतो आणि दिवे झकास लागतात. म्हणून ‘लाइट लागतात, म्हणजे कनेक्शन ठीक आहे’ हा तर्क चुकीचा. गाडी उभी असताना मीटरवर दिसणारे १२.६ व्होल्टही बॅटरी भरलेली असल्याचेच सांगतात. प्रवाह जवळपास वाहतच नसल्याने सांध्याची कसोटी लागलेली नसते.

क्षार येतो तो बॅटरीतल्या आम्लामुळे. चार्जिंगच्या वेळी, विशेषतः जास्त चार्जिंग झाल्यास, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात व सल्फ्युरिक आम्लाचे बारीक तुषार सोबत नेतात. खुंटीच्या बुडाशी असलेले सील कमकुवत झाले तरी आम्ल वर झिरपते. डिस्टिल्ड वॉटर खुणेच्या वर भरले तर झाकणांतून बाहेर येते. शिशावर पांढरी भुकटी धरते, ती लेड सल्फेटची. निळसर-हिरवा थर तांब्या-पितळेचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा. हे थर ओलावा धरून ठेवतात. कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत केबलचे लग आणि बोल्टही लवकर गंजतात. बॅटरीच्या डोक्यावर आम्लाने ओली धूळ साचली तर एका खुंटीपासून दुसरीकडे थोडा प्रवाह सतत गळत राहतो.

ढिलाईची कारणे वेगळी. बॅटरी धरून ठेवणारी पट्टी सैल असेल, तर खड्ड्यांत बॅटरी हलते, क्लॅम्पला झटके बसतात आणि सीलही फाटते. दुसरे कारण मापाचे. खुंट्या वर निमुळत्या असतात आणि धन खुंटी ऋणापेक्षा जाड असते. जाड मापात त्यांचा व्यास बुडाशी सुमारे १९.५ आणि १७.९ मिलिमीटर असतो, तर बारीक जपानी मापात १४.७ आणि १३. भारतातल्या अनेक छोट्या गाड्यांत बारीक माप असते. जाड मापाचा क्लॅम्प बारीक खुंटीवर कितीही आवळला तरी पूर्ण टेकत नाही. मग मध्ये पत्र्याचा तुकडा, खिळा, कधी तारेचे वेटोळे कोंबले जाते. योग्य मापाची शिशाची टोपी मिळते, ती बसवावी किंवा क्लॅम्पच बदलावा.

चावी फिरवल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज येणे, त्याच क्षणी डॅशबोर्डचे दिवे मंद होणे, घड्याळ वारंवार शून्यावर येणे, क्लॅम्प हलवल्यावर गाडी अचानक चालू होणे ही लक्षणे. हाताने क्लॅम्प फिरला, तर निदान तिथेच संपले. न फिरल्यास भाराखाली मोजणे हाच खात्रीचा मार्ग. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक धन खुंटीच्या शिशावर आणि दुसरे तिच्याच क्लॅम्पवर टेकवावे, आणि दुसऱ्या कोणी दोन-तीन सेकंद सेल्फ मारावा. आकडा शून्याजवळ राहायला हवा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर सांधा संशयित. ऋण बाजूला असेच करावे, मग खुंटी आणि इंजिनचा धातू यांमध्ये मोजावे. अर्थची केबल बॉडीला किंवा गिअरबॉक्सला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिथला गंज कोणी पाहतच नाही.

साफ करताना इंजिन बंद असावे, हातात अंगठी किंवा कडे नसावे, डोळ्यांवर चष्मा असावा. ऋण क्लॅम्प आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. उलट केल्यास धन बोल्टवरचा पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की ठिणगी पुरते, तेव्हा चार्जिंग नुकतेच झालेल्या बॅटरीजवळ विडी-काडी नको. बहुतेक गाड्यांना दहाचा पाना लागतो. क्लॅम्प अडकला तर हातोडी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नये; आतला जोड तुटतो. क्लॅम्पचे तोंड थोडे फाकवून फिरवत काढावा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून ओतला की फेस येतो. फेस थांबला म्हणजे आम्ल संपले. झाकणे घट्ट बंद हवीत, कारण सोडा आत गेल्यास बॅटरीचेच आम्ल मारतो. थंड पेय ओतण्याचा लोकप्रिय उपाय मात्र सोडून द्यावा. त्यातल्या आम्लाने थर सुटतो खरा, पण साखरेचा चिकटा मागे राहतो आणि आम्लावर उतारा मिळत नाही.

थर ओला असतानाच तारेच्या ब्रशने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासावी. कोरडी भुकटी झटकू वा फुंकू नये. शिशाची संयुगे विषारी असतात. पाण्याने धुऊन, पुसून, कोरडे करून क्लॅम्प खुंटीवर पूर्ण खाली बसवावा, ठोकू नये. शिसे मऊ असल्याने बोल्ट हाताने क्लॅम्प फिरणार नाही इतकाच आवळावा. पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस नंतर, बाहेरून लावावे. ते वीजवाहक नसून हवा आणि ओलावा अडवण्यापुरते आहे.

नव्या गाड्यांत ऋण क्लॅम्पवरच बॅटरीचा सेन्सर असतो, तो ओढू नये. बॅटरी सुटल्यावर घड्याळ आणि काचांची स्वयंचलित बटणे पुन्हा सेट करावी लागतात. काही रेडिओंना कोडही लागतो. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून अल्टरनेटर ‘तपासण्याची’ जुनी रीत तर आता पूर्ण वर्ज्य समजावी. त्या क्षणी दाब १२ व्होल्टच्या कितीतरी पट उसळतो आणि महागडे इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

साफ केल्यावर काही आठवड्यांतच क्षार परत आला, तर चार्जिंगचा दाब आणि खुंटीचे सील तपासावे. केबलच्या आवरणाखाली तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या असतील, तर घासून उपयोग नाही. केबल बदलावी लागते, आणि ती बॅटरीपेक्षा बरीच स्वस्त असते. म्हणून कोणी ‘बॅटरी गेली’ म्हणाले, की पैसे काढण्याआधी सेल्फ मारताना खुंटी आणि क्लॅम्प यांमधला आकडा मीटरवर दाखवायला सांगावा.