कानशीपासून चार इंचीपर्यंत

धातू घासण्याचे काम राजाजीनगरमध्ये त्या वसाहतीइतकेच जुने आहे. बंगळुरूच्या वायव्येचे हे उपनगर 1949 साली उद्योगांसाठी आखले गेले आणि त्याला तत्कालीन गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पुत्र रवी किर्लोस्कर यांची 1946 मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर इलेक्ट्रिक इथून जवळच, मल्लेश्वरमच्या पश्चिम कडेला होती. मैसूर सँडल साबणाचा कारखाना 1957 मध्ये राजाजीनगरला आला. औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडमध्ये सुटे भाग, साचे आणि वेल्डिंगची कामे होऊ लागली.

अशा शेडमध्ये कामाचा बराच वेळ कडा साफ करण्यात जातो. ओतकामाच्या भागाला साच्याच्या सांध्यावर पातळ बर, म्हणजे धातूचा नको असलेला पापुद्रा राहतो, वेल्डिंगची शिवण उंचवट्यासारखी वर येते, कापलेल्या पट्टीची कड हाताला लागते. हे सगळे पूर्वी छिन्नी, हॅकसॉ आणि कानस यांनीच उरकावे लागे. विजेवर फिरणारा बेंच ग्राइंडर होता, पण तिथे भाग उचलून दगडापाशी न्यावा लागतो. दोन माणसांना न उचलवणाऱ्या सांगाड्यासाठी त्याचा काहीच उपयोग नव्हता. दगडच कामापाशी नेण्याची सोय हँड ग्राइंडरने, म्हणजेच अँगल ग्राइंडरने केली.

त्यातला दगड मात्र यंत्रापेक्षा फार जुना. शिकलगार तलवारी आणि सुऱ्यांना धार लावत, ती कुरुंदाची पूड लाखेत बसवून केलेल्या चाकावर. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द दक्षिण भारतातूनच तिकडे गेला आहे, आणि जुन्या म्हैसूर संस्थानातही कुरुंद सापडत असे. लाखेच्या चाकाची अडचण एकच: घर्षणाने तापले की लाख मऊ पडते. म्हणून त्याची गती दोरी ओढणाऱ्या हाताइतकीच राहिली. पुढचा इतिहास खरे तर याच चिकट पदार्थाचा आहे. एडवर्ड अॅचेसनने 1891 मध्ये सिलिकॉन कार्बाइड तयार केले, त्यामुळे कठीण दाणा कारखान्यात बनू लागला. लिओ बेकलंडच्या बेकेलाइटला 1909 मध्ये पेटंट मिळाले आणि उष्णतेला दाद न देणारी राळ हाती आली. राळेच्या चकतीत काचतंतूंची जाळी घातल्यावर ती पातळ असूनही जोरात फिरवता येऊ लागली.

जर्मनीतल्या आकरमान उंड श्मिट या कंपनीने 1954 मध्ये जलदगती अँगल ग्राइंडर आणला. तिचे ‘फ्लेक्स’ हे नाव जर्मनांनी यंत्रालाच देऊन टाकले, आपण डालडाचे केले तसे. योगायोगाने त्याच वर्षी मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल स्थापन झाली. महाराष्ट्रात ग्राइंडवेलची चाके 1941 पासून उरणजवळच्या मोऱ्यात बनत होती. यंत्राच्या बाबतीत मराठी मुलखाचा वाटा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात दिसतो. 1976 मध्ये सुरू झालेल्या कुलकर्णी पॉवर टूल्सने तिथे विजेची हत्यारे बनवली, ती ‘केपीटी’ या नावाने दुकानांत ओळखली जातात.

यंत्राची रचना साधी आहे. मोटर लांब दांड्यात आडवी असते आणि टोकाला तिरक्या दात्यांची दोन चाके गती काटकोनात वळवतात. चार इंची, म्हणजे 100 मिलिमीटरचे यंत्र मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. चकतीची कड तेव्हा ताशी 200 किलोमीटरच्या वर असते. 230 मिलिमीटरचे मोठे यंत्र मुद्दाम हळू, सुमारे 6,600 फेऱ्यांवर ठेवलेले असते, कारण राळेच्या चकतीच्या कडेची मर्यादा सहसा सेकंदाला 80 मीटर असते. मोठी चकती जास्त कापते म्हणून गार्ड काढून ती छोट्या यंत्रावर चढवली की कडेची गती 130 मीटरच्या पुढे जाते आणि चकती फुटते. गार्ड आडवा येतो ही कारागिराची तक्रार खोटी नाही, पण तुकडे अडवणारी दुसरी वस्तू यंत्रावर नसते.

1948 च्या कारखाना कायद्याने कलम 30 मध्ये नेमके हेच ओळखले होते. घासकाम चालते त्या खोलीत प्रत्येक चाकाच्या कडेची सुरक्षित कमाल गती लिहून लावावी, असे त्यात म्हटले होते. कलम 35 डोळ्यांसाठी होते. उडालेला कण तापलेला असतो, बुबुळात रुततो आणि तिथे गंजाचे वलय धरतो, त्यामुळे साधा चष्मा पुरत नाही, बाजूही झाकणारा लागतो.

बाकीची शिस्त पहिल्याच आठवड्यात शिकवतात. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर छापलेली मुदत पाहावी. बदलताना प्लग काढावा. नवी चकती मिनिटभर रिकामी फिरवावी. कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासू नये. घासायची जाड चकती 15 ते 30 अंशांवर टेकवावी. कापताना चीर मिटून चकती अडकली की यंत्र झटका देऊन अंगावर येते, म्हणून बाजूची मूठ धरून दोन्ही हात गुंतवायचे. बटण अडकवून ठेवलेले असताना वीज गेली तर आधी बटण सोडवावे, नाहीतर वीज परतताच जमिनीवर ठेवलेले यंत्र आपणहून उठते. लाकडासाठी दातेरी पाते बसवण्याची युक्ती सर्वांत वाईट.

किर्लोस्करांच्या जुन्या जागेवर आज मॉल आणि उंच इमारती आहेत. 1970 नंतर कारखानदारीचा भार पीण्या औद्योगिक वसाहतीकडे सरकला. चार इंची मात्र राजाजीनगरात राहिला, काम तेवढे बदलले: जिन्याचे कठडे, गेट, दुकानांची शटरे आणि ग्रॅनाइट. ग्रॅनाइटला राळेची नव्हे, हिऱ्याच्या कणांची चकती लागते. त्यात ठिणगी नसते, धूळ असते, आणि त्या धुळीतल्या सिलिकामुळे फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. यासाठी कापताना पाण्याची धार धरतात. पण हातातल्या विजेच्या यंत्रावर पाणी घेणे शॉकला आमंत्रण असल्याने ओली कापणी त्यासाठीच बनवलेल्या यंत्रावर करावी लागते. ते नसेल तेव्हा धूळ ओढणारा पंप आणि कणरोधक मास्क वापरतात. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही.