इंग्रजीची वेस

परीक्षा म्हटली की ती बुद्धीची असते, असे आपण धरून चालतो. परंतु विद्यापीठाच्या वेशीवर आपल्या मुलांची जी इंग्रजीची परीक्षा होत आली, तिने नेमके काय मोजले, हा प्रश्न आम्हा वरळीच्या बीडीडी चाळीतल्या कामगारांना कित्येक वर्षे पडलेला आहे. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचे कॉलेजांनी आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, अशी वाटणी होती. कॉलेजातले शिक्षण इंग्रजीत. तेव्हा आत येणाऱ्याला ती भाषा येते की नाही, हे आधीच पाहणे ओघाने आले. त्यातून प्रवेशपरीक्षा म्हणजे मॅट्रिक निघाली. पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच वेशीतून आत गेले व १८६२ साली पदवीधर झाले. पुढे १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया रानड्यांनीच घातला. मिळवलेले ज्ञान मराठीत आणून लोकांपुढे ठेवावे, ही त्यांची दृष्टी होती. आजची ही सभा त्याच परंपरेतली आहे.

पण जे वेशीबाहेर राहिले त्यांचे काय? हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडला. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना, हे त्यांचे म्हणणे प्रसिद्धच आहे. त्याच निवेदनातली आणखी एक मागणी फारशी सांगितली जात नाही. घरी अभ्यास करून वरच्या परीक्षांना बसण्याची मुभा विद्यापीठाने द्यावी, असे त्यांनी सुचवले होते. दिवसा राबून रात्री वाचणाऱ्या माणसाला या मागणीचे मोल कळते.

भीमराव आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे कुटुंब. मुलाने अभ्यासाला बसावे म्हणून रामजी सुभेदार त्याला रात्री दोन वाजता उठवत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी त्याच्याकडून घोटून घेतली. मॅट्रिक झाल्याबद्दल सभा भरली, तेव्हा केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एका मॅट्रिकसाठी सभा भरते, यावरूनच ती वेस किती उंच होती ते कळावे.

स्वातंत्र्यानंतर ती खाली येईल अशी आशा होती. १९४९ साली मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली. खेर मंत्रिमंडळाने पाचवी ते सातवीचे इंग्रजी बंद केले होते. ते आठवीपासून सुरू होई. शाळान्त परीक्षेत इंग्रजी ऐच्छिक होते, विद्यापीठ मात्र प्रवेशाला इंग्रजी मागतच राहिले. हेतू मातृभाषेच्या मानाचा होता, हे आम्ही मान्य करतो. पण परिणाम काय झाला? पाया उशिरा घातला आणि वेस होती तिथेच राहिली. ऐपतीच्या पालकांनी इंग्रजी माध्यमाची वाट धरली. ती अडवण्यासाठी सरकारने जानेवारी १९५४ मध्ये परिपत्रक काढले. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. ज्याच्याकडे पैसा त्याला पळवाट राहिली. गिरणी कामगाराच्या मुलाला आठवी ते अकरावी एवढी चारच वर्षे होती.

आमच्या चाळी १९२० नंतर बांधल्या गेल्या. वरळीत १२१ इमारती, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीन पाळ्यांच्या घरात कोणी ना कोणी झोपलेले असायचे, म्हणून मुले मधल्या व्हरांड्यात दिव्याखाली बसून स्पेलिंगे पाठ करीत. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये काढली. संघटनेचे काम पगारवाढीपाशी थांबत नाही, हा धडा आम्ही तिथून घेतला.

आज वेस परदेशी विद्यापीठांच्या दारात आहे. टोफेल १९६४ साली सुरू झाली, आयईएलटीएस १९८९ साली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची सरकारी शिष्यवृत्ती घेऊन अनुसूचित जातींची मुले परदेशी जातात, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या परीक्षेची फी पंधरा हजारांच्या वर, निकाल दोनच वर्षे ग्राह्य, शिकवणीचा खर्च निराळा. दुसऱ्यांदा बसायचे तर घरातले काहीतरी गहाण पडते.

परक्या भाषेत शिकायचे तर ती यायला हवी. तेव्हा परीक्षा नको, असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याला कधी नीट शिकवलेच नाही, त्याला नापास करण्याचा अधिकार कोणाला? आधी शिकवा, मग तपासा, एवढाच आमचा दावा आहे. परीक्षेची फी शिष्यवृत्तीत धरावी, नगरपालिकेच्या शाळेत मराठीच्या भक्कम पायावर इंग्रजीचा चांगला शिक्षक द्यावा, आणि प्रत्येक वस्तीत रात्री उघडी राहणारी अभ्यासिका असावी. या तीन मागण्यांना मोर्चाही लागेल आणि चिकाटीही. पगाराच्या मागण्यांसाठी आपण दोन्ही दिली. मुलांसाठी तेवढे तरी देऊ या.