अहिल्यानगरचे घुमट कोणाचे?

अहिल्यानगरचे घुमट म्हणजे बाहेरून आलेली कला, असे सांगून त्यांचा इतिहास बहुधा दोन वाक्यांत उरकला जातो. त्यात तथ्य आहे. कमानींवर तोललेला घुमट इराण आणि मध्य आशियातून दिल्लीमार्गे दख्खनेत आला, बहमनी राज्यात रुजला आणि १५व्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने सीनाकाठी शहर वसवले तेव्हा इथे पोचला. बागरोजात त्याच्याच कबरीवर काळ्या दगडाची चौरस वास्तू आणि वर घुमट आहे. पण एखादे रूप कुठून आले एवढ्यावरून ते कोणाचे हे ठरत नाही. ते कोणाच्या हातांनी घडले आणि पुढे कोणी स्वीकारले, हेही पाहावे लागते.

चौरसावर वर्तुळ बसवणे ही घुमटाची मूळ अडचण. ती इथल्या पाथरवटांनी निजामशाहीच्या कितीतरी आधी सोडवली होती. कोपरगावजवळच्या कोकमठाणसारख्या जुन्या देवळांच्या मंडपांत दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत घेत छत मिटवत नेलेले असते. तो खरा घुमट नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. तिथे थर आडवे असतात आणि भार सरळ खाली उतरतो. कमानीच्या घुमटात सांधे केंद्राकडे वळतात आणि भार बाहेर रेटतो. अर्धगोल घुमट तर माथ्यापासून सुमारे ५२ अंशांच्या खाली फाकू पाहतो, आणि दगडाला ताण सोसत नाही. म्हणून जाड भिंती आणि चिवट चुना लागतो. हे तंत्र नव्याने शिकावे लागले, पण दगड आणि वर्तुळाचा हिशेब ओळखीचा होता. फराहबाग आणि शाह डोंगरावरचा सलाबतखानाचा तीन मजली मकबरा तर अष्टकोनीच आहेत. आठ बाजूंवरून गोलाकडे जाणे चौरसापेक्षा सोपे असते.

हे सारे राजाश्रयाने घडले, लोकांनी फक्त सत्तेची नक्कल केली, असेही म्हणता येईल. त्याला सिंदखेडराजा उत्तर देतो. निजामशहाच्या दरबारात १६२९ मध्ये मराठा सरदार लखुजी जाधवांची हत्या झाली. तरी सिंदखेडराजातल्या त्यांच्या भव्य समाधीवर घुमटच आहे. घुमट ही केवळ सुलतानाची निशाणी असती, तर त्याच्याच दरबारात मारल्या गेलेल्या सरदाराच्या समाधीवर तो चढला नसता. १६३६ मध्ये निजामशाही संपली, तरी मराठेशाहीच्या देवळांवर कमानी आणि घुमट येतच राहिले. तेव्हा खुशामत करायला सुलतान उरला नव्हता. बागरोजाची डागडुजी म्हणूनच परक्या वारशावर केलेला उपकार ठरत नाही; इथल्या पाथरवटांच्या कारागिरीची ती राखण आहे, आणि ती आपलीच जबाबदारी आहे.